उत्तर कोरियाचा अणुस्फोट घरबसल्या कसा तपासायचा: व्हिएन्नाची यंत्रणा आणि फुकट सेवांचं परीक्षण

उत्तर कोरियाच्या पुंगये-री या अणुचाचणीच्या जागी पुढचा स्फोट होईल तेव्हा पहिल्या काही तासांत बातम्यांमध्ये चार-पाच वेगवेगळे आकडे येतील. ३ सप्टेंबर २०१७ ला हेच झालं. दक्षिण कोरियाच्या हवामान खात्याने मॅग्निट्यूड ५.७ सांगितला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने, म्हणजे यूएसजीएसने, आधी ५.६ आणि मग ६.३ सांगितला. नॉर्वेच्या नॉरसार संस्थेने ५.८ वरून ६.१ केला. स्फोटाची शक्ती सोलमध्ये ५० किलोटन (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाइतकी) ठरली, टोकियोत ७० वरून चढत १६० झाली, नॉरसारने १२० वरून २५० केली. स्फोट एकच होता. तो नेमका कसा होता हे मराठी वाचकाला स्वतः पडताळायचं असेल तर आज कोणकोणत्या सेवा हाताशी आहेत, त्या किती वेळात काय देतात आणि कुठे तोंडघशी पाडतात, ते इथे सांगतो आहोत.

निकाल आधीच सांगतो. धक्का पकडण्याच्या कामात व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय यंत्रणा अव्वल आहे, पण भारतीय वाचकाला तिचा कच्चा माल मिळत नाही. यूएसजीएस आणि अर्थस्कोप या दोन फुकट सेवा मिळून जमिनीखालच्या स्फोटाचं जवळपास सगळं चित्र देतात. स्फोट अणूचाच होता याचा शेवटचा पुरावा मात्र हवेतून येतो. तिथे यंत्रणा सगळ्यात हळू आणि सगळ्यात बंदिस्त आहे. आमची सगळ्यात मोठी तक्रार त्याबद्दल आहे.

व्हिएन्नाची यंत्रणा

सर्वंकष अणुचाचणी बंदी करार (सीटीबीटी) २४ सप्टेंबर १९९६ पासून सह्यांसाठी खुला आहे. तो लागू व्हायला ठरलेल्या ४४ देशांची मान्यता लागते. त्यात भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरिया यांनी सहीसुद्धा केलेली नाही आणि रशियाने २०२३ मध्ये दिलेली मान्यता मागे घेतली, त्यामुळे करार लटकलेलाच आहे. करारासाठी व्हिएन्नात उभ्या केलेल्या संस्थेचा पहारा मात्र सुरू आहे, आणि हे तिचं खरं मोठेपण आहे. आराखड्यात ३३७ ठिकाणं आहेत: ५० मुख्य आणि १२० सहायक भूकंपमापन केंद्रं, समुद्राखालचा आवाज ऐकणारी ११, कानाला न ऐकू येणारे हवेतले ध्वनी टिपणारी ६०, किरणोत्सर्गी कण शोधणारी ८०, आणि १६ प्रयोगशाळा. त्या ८० पैकी ४० ठिकाणी अणुस्फोटाची खूण देणारा झेनॉन वायू मोजायची सोय करायची आहे. ३०० हून अधिक ठिकाणं प्रमाणित होऊन चालू आहेत.

वेळापत्रक असं. धक्का बसल्यावर साधारण दोन तासांत संगणकाने काढलेली पहिली यादी सदस्य देशांकडे जाते. पहिल्या यादीत फक्त मुख्य केंद्रांच्या नोंदी धरलेल्या असतात. काही तासांनी सहायक केंद्रं धरून दुसरी, साधारण बारा तासांनी तिसरी. मग माणसं बसून एकेक लाट तपासतात आणि तपासलेलं पत्रक निघतं. सध्याच्या तात्पुरत्या कामकाजात त्याला दहा दिवसांपर्यंत लागू शकतात, पण पुंगये-रीसारख्या घटनेसाठी सगळं बाजूला ठेवून काम होतं.

दर्जा कसा वाढला ते सहा चाचण्यांवरून दिसतं. ९ ऑक्टोबर २००६ चा पहिला स्फोट एक किलोटनपेक्षाही लहान होता. तो २२ केंद्रांनी टिपला आणि जागेची अनिश्चितता सुमारे ८८० चौरस किलोमीटर होती. २५ मे २००९ च्या दुसऱ्या स्फोटाला ६१ भूकंप केंद्रं होती आणि अनिश्चितता २६४ चौरस किलोमीटरवर आली. १२ फेब्रुवारी २०१३ ला केंद्रं ९६ झाली. या आकड्यांना व्यवहारात अर्थ आहे. करारानुसार प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी करायची तर शोधक्षेत्र १,००० चौरस किलोमीटरपेक्षा मोठं चालत नाही. २००६ ची यंत्रणा त्या मर्यादेत जेमतेम बसत होती. आज ती सहज बसते. पण करारच लागू नसल्यामुळे तपासणी पथक पाठवायचा अधिकार कोणालाच नाही.

आता तक्रार. कच्च्या नोंदी आणि पत्रकं फक्त सही केलेल्या देशांच्या राष्ट्रीय केंद्रांना मिळतात. भारताची सही नाही, म्हणून आपल्याकडे ते केंद्र नाही. संशोधकांसाठी प्रस्ताव आणि करार करून नोंदी वापरायची सोय आहे, पण सर्वसामान्य नागरिकाला, पत्रकाराला किंवा शिक्षकाला तिचा काही उपयोग नाही. त्यांच्या वाट्याला संस्थेची निवेदनं आणि मोजके नकाशे. वर्षाला सुमारे १३ कोटी डॉलर सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या यंत्रणेच्या भूकंपनोंदी सगळ्यांना का दिसू नयेत, याचं पटेल असं कारण आम्हाला सापडलेलं नाही. आपल्या घरची गोष्टही वेगळी नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं कर्नाटकातलं गौरीबिदनूरचं भूकंपमापकांचं जाळं १९६५ पासून नेमक्या याच कामासाठी उभं आहे, आणि त्याच्याही नोंदी नागरिकांसाठी वेबवर खुल्या नाहीत.

यूएसजीएस: सगळ्यात आधी इथे जा

फुकट, खातं न काढता, आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत. पान उघडल्याबरोबर सेटिंगमध्ये जाऊन वेळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर टाका. यूटीसीमध्ये साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. २०१७ चा स्फोट यूटीसी ३ वाजून ३० मिनिटं १ सेकंदाला झाला, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळचे बरोबर नऊ.

त्या एका सेकंदाकडे नीट बघा. जानेवारी २०१६ चा स्फोट १:३०:०० ला, सप्टेंबर २०१६ चा ०:३०:०१ ला, सप्टेंबर २०१७ चा ३:३०:०१ ला. प्याँगयांगच्या तेव्हाच्या घड्याळात सकाळचे दहा, सकाळचे नऊ आणि दुपारचे बारा. भूकंप कोणाच्या घड्याळावर चालत नाही. पुंगये-रीच्या आसपास उथळ धक्का आणि वेळ तासाला किंवा अर्ध्या तासाला चिकटलेली असली की संशय घ्यायला तेवढं पुरे. उलट मात्र धरू नका: २००६, २००९ आणि २०१३ चे स्फोट असे गोल वेळेला नव्हते.

जुन्या नोंदी काढायच्या तर शोधपानावर आयत आखा: अक्षांश ४१.१ ते ४१.५, रेखांश १२८.८ ते १२९.३, सुरुवात १ जानेवारी २००६, किमान मॅग्निट्यूड ३. तारखेचा कालावधी स्वतः बदला, नाहीतर पान फक्त गेल्या काही दिवसांच्याच नोंदी दाखवतं. सहा स्फोट आणि २०१७ च्या स्फोटानंतरचे काही लहान धक्के मिळतील. प्रत्येक नोंदीत ‘प्रकार’ बघा, तिथे भूकंप आणि अणुस्फोट वेगळे लिहिलेले असतात. पहिल्या तासात मात्र त्या रकान्यावर विसंबू नका. तो माणसाने नोंद तपासल्यावर बदलतो.

खोलीच्या रकान्यात नवखे हमखास फसतात. उथळ धक्क्याची खोली निघत नसेल तर संगणक ती १० किलोमीटर धरून चालतो. तो आकडा मोजलेला नसतो. पहिल्या पानावर ‘खोली १० किमी’ वाचून ‘इतक्या खोल कोणी बोगदा खणू शकत नाही, म्हणजे हा भूकंपच’ असा निष्कर्ष काढणारे दरवेळी भेटतात. तपासणीनंतर त्याच नोंदीची खोली शून्य केली जाते.

ईमेलने सूचना हवी असेल तर खातं काढून प्रोफाइलमध्ये हेच आयत द्या. दिवसाची आणि रात्रीची मर्यादा वेगवेगळी असते. दोन्ही सारख्या ठेवा, नाहीतर रात्री आलेला साडेचारचा धक्का तुम्हाला सकाळीही कळणार नाही. आणि या सेवेची सीमा ओळखा: अमेरिकेबाहेर साधारण ४.५ च्या खालचे धक्के यादीत येतीलच असं नाही. २००६ चा स्फोट त्यांच्या मोजणीत ४.३ होता, म्हणजे कडेकडेनेच आला. अर्धा किलोटन किंवा त्याहून लहान चाचणीसाठी ही सूचनासेवा भरवशाची नाही.

आमचं मत: वेग उत्तम, मांडणी स्वच्छ, पहिला आकडा कच्चा. किमान सहा तास थांबून तोच आकडा पुन्हा बघा.

अर्थस्कोप: खरी तपासणी इथे होते

आधी आयरिस म्हणून ओळखली जाणारी ही अमेरिकी सेवा जगभरच्या केंद्रांच्या मूळ लाटा कोणालाही देते. आमच्या यादीतली सगळ्यात मोलाची सेवा हीच, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारीही.

केंद्र निवडा मुदानजियांग, खुणेचं नाव एमडीजे, जाळं आयसी. चीनच्या हेलोंगजियांग प्रांतातलं हे केंद्र पुंगये-रीपासून साधारण ३७० किलोमीटरवर आहे. दुसरं इंचॉन, नाव आयएनसीएन, जाळं आययू, साधारण ४७० किलोमीटरवर. चॅनेल बीएचझेड, म्हणजे जमिनीची वर-खाली हालचाल. २०१७ साठी खिडकी यूटीसी ३:२९ ते ३:५० अशी घ्या. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर ऑब्स्पाय ही फुकट लायब्ररी काम दहा-बारा ओळींत उरकते.

क्रम चुकवू नका. आधी सरासरी आणि तिरका कल काढून टाका. मग दोन्ही टोकं पाच टक्के निमुळती करा, म्हणजे हळूहळू शून्यावर आणा. मग उपकरणाचा प्रतिसाद, म्हणजे यंत्रामुळे नोंदीत पडलेला फरक, काढा. फिल्टर, म्हणजे ठराविक हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) लाटाच ठेवणारी गाळणी, सगळ्यात शेवटी. टोकं निमुळती न करता प्रतिसाद काढला तर नोंदीच्या सुरुवातीला आणि शेवटाला खोट्या मोठ्या लाटा उभ्या राहतात, आणि नवशिके त्यांनाच धक्का समजतात. नोंद सेकंदाला २० नमुन्यांची असेल तर १० हर्ट्झच्या वरचं काहीच तिच्यात नसतं, म्हणून फिल्टरची वरची कड ८ हर्ट्झच्या पुढे नेऊ नका.

काय दिसायला हवं? एमडीजेवर पहिली पी लाट (दाबत-ढकलत जाणारी, सगळ्यात वेगवान) स्फोटानंतर पन्नासेक सेकंदांनी येते. एस (आडवी हलवणाऱ्या) आणि पृथ्वीच्या कवचातून येणाऱ्या एलजी लाटा शंभर सेकंदांच्या पुढेमागे. फिल्टर ४ ते ८ हर्ट्झवर ठेवा आणि दोन्ही गटांची उंची मोजा. भूकंपात दोन बाजूंचे खडक एकमेकांवर घसरतात आणि आडवी हालचाल भरपूर होते, म्हणून एस मोठी येते. स्फोट चहूबाजूंनी ढकलतो, म्हणून पी ठसठशीत आणि एस खुजी. पुंगये-रीच्या नोंदीत हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. कमी फ्रिक्वेन्सीला, एक-दोन हर्ट्झला, हाच फरक पुसट होतो. तिथे बघून ‘काही कळत नाही’ म्हणणारे बरेच असतात. वरच्या फ्रिक्वेन्सीकडे सरका. आणि तुलनेसाठी त्याच भागातल्या एखाद्या खऱ्या भूकंपाची त्याच केंद्रावरची नोंद शेजारी ठेवा. एकट्या आकड्याला अर्थ नसतो.

पुस्तकात दिलेली दुसरी कसोटी म्हणजे पृष्ठलाटांची, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या लाटांची तुलना: त्याच मॅग्निट्यूडच्या भूकंपापेक्षा स्फोटाच्या पृष्ठलाटा लहान असायला हव्यात. पुंगये-रीला ती जपून लावा. २००६ आणि २००९ च्या स्फोटांच्या पृष्ठलाटा अपेक्षेपेक्षा मोठ्या निघाल्या आणि व्हिएन्नातल्या तेव्हाच्या निकषावर ते स्फोट भूकंपांपासून वेगळे पडले नाहीत. पुढे निकषच सुधारावा लागला. कोणी फक्त या एका कसोटीवर ‘हा स्फोट नव्हता’ म्हणत असेल तर मान्य करू नका.

२०१७ च्या खिडकीत दुसरा धक्काही आहे, पहिल्यानंतर साडेआठ मिनिटांनी, मॅग्निट्यूड ४.१ च्या आसपास. तो डोंगराच्या आत पोकळीचं छत कोसळल्याचा. त्याची नोंद वेगळीच दिसते: उंच फ्रिक्वेन्सी जवळजवळ गायब, लांब मंद लाटा भरपूर. स्फोट, कोसळणं आणि भूकंप या तिन्हींचं वळण याच एका केंद्रावर शिकता येतं, कारण २३ सप्टेंबर २०१७ ला त्याच परिसरात साडेतीनच्या आसपासचा एक धक्का बसला होता. चीनच्या भूकंप केंद्राने त्याला आधी संशयित स्फोट म्हटलं आणि नंतर मत बदललं. तो स्फोट नव्हता. तिन्ही नोंदी एकाखाली एक लावा. एखाद्या महाविद्यालयात भूभौतिकीच्या प्रात्यक्षिकासाठी याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही.

किलोटनचा आकडा

बातमीतले किलोटन कसे येतात ते समजलं की सुरुवातीला दिलेला गोंधळ सुटतो. सर्रास वापरलं जाणारं सूत्र सोव्हिएत संघाच्या सेमिपालातिन्स्क अणुचाचणी मैदानावरून आलेलं आहे: मॅग्निट्यूड म्हणजे ४.४५ अधिक ०.७५ गुणिले किलोटनमधल्या शक्तीचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम. व्हिएन्नाचा ६.१ घातला की साधारण १६० किलोटन येतात, टोकियोचा शेवटचा आकडा तोच. यूएसजीएसचा ६.३ घातला की २९० च्या पुढे. मॅग्निट्यूडमध्ये ०.२ चा फरक पडला की किलोटन जवळपास दुप्पट होतात, आणि दोन चांगल्या संस्थांमध्ये तेवढा फरक नेहमीच असतो. सप्टेंबर २०१६ चा स्फोट व्हिएन्नाच्या ५.१ वर सात किलोटनच्या थोडा वर निघतो, यूएसजीएसच्या ५.३ वर साडेतेराच्या वर.

त्यातही खोली शिरते. स्फोट बाहेर फुटू नये म्हणून लागणारी खोली साधारण १२० मीटर गुणिले किलोटनचं घनमूळ. दहा किलोटनला सुमारे २६० मीटर पुरतात. पुंगये-रीचे बोगदे ज्याच्या पोटात आहेत तो मांताप डोंगर २,२०५ मीटर उंच आहे आणि नंतरच्या चाचण्यांच्या डोक्यावर त्याहून कितीतरी जाड खडक होता. जास्त खोल पुरलेला स्फोट बाहेर लहान भासतो, म्हणजे सेमिपालातिन्स्कचं सूत्र जसंच्या तसं लावलं की शक्ती कमी निघते. म्हणून एकच आकडा देणाऱ्या बातमीपेक्षा पल्ला देणारी बातमी विश्वासाची. हायड्रोजन बॉम्ब होता का, हे किलोटनवरून सिद्ध होत नाही. जानेवारी २०१६ ला प्याँगयांगने तो दावा केला तेव्हाचा व्हिएन्नाचा आकडा ४.८५ होता, सूत्राने तीन-साडेतीन किलोटन.

लहान स्फोट निसटू शकतात, हेही लक्षात असू द्या. १३ मे १९९८ चे पोखरणचे दोन छोटे स्फोट, भारताने जाहीर केलेली शक्ती प्रत्येकी एक किलोटनच्या आत, जागतिक जाळ्यात उमटले नाहीत. आणि मोठ्या पोकळीत केलेला स्फोट धक्का फार कमी करतो. अमेरिकेने १९६६ मध्ये मिसिसिपीच्या मिठाच्या थरात ०.३८ किलोटनचा असा प्रयोग केला तेव्हा लाटा सुमारे सत्तरपट लहान झाल्या.

झेनॉन: शेवटचा पुरावा, सगळ्यात कमकुवत सेवा

धक्का स्फोटाचा होता एवढं भूकंपमापक सांगतो. रासायनिक स्फोटकं की अणू, ते त्याला कळत नाही. युरेनियम किंवा प्लुटोनियम फुटल्यावर तयार होणारा किरणोत्सर्गी झेनॉन कशाशीच संयोग करत नाही, खडकाच्या भेगांतून वर येतो आणि वाऱ्याबरोबर जातो. म्हणून भूमिगत स्फोटासाठी झेनॉनच.

मोजणी बारीक आहे. एका घनमीटर हवेत सगळा मिळून झेनॉन ०.०८७ मिलिलिटर. केंद्र किमान दहा घनमीटर हवा ओढतं, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड काढतं, सक्रिय कोळशावर झेनॉन पकडतं आणि मग त्याचे किरण मोजतं. अपेक्षित संवेदनशीलता झेनॉन-१३३ या किरणोत्सर्गी प्रकारासाठी घनमीटरला एक मिलीबेकरेल. म्हणजे घनमीटरभर हवेत हजार सेकंदांना एक अणू फुटतो, तोही दिसला पाहिजे. स्वीडनची सौना आणि फ्रान्सची स्पॅलॅक्स ही यंत्रं ते करतात. अभियांत्रिकी म्हणून हे थक्क करणारं काम आहे.

पण निकाल? २००६ ला झेनॉनची जेमतेम दहा केंद्रं चालू होती आणि सुमारे ७,५०० किलोमीटरवरच्या कॅनडातल्या यलोनाइफला बारा दिवसांनी खूण मिळाली. २००९ ला काहीच नाही. २०१३ ला जपानच्या ताकासाकीत मिळाली, स्फोटानंतर ५५ दिवसांनी. २०१७ ला दक्षिण कोरियाच्या स्वतःच्या यंत्रांना थोडा झेनॉन-१३३ सापडला, पण बॉम्ब कोणत्या प्रकारचा ते त्यावरून ठरलं नाही.

ताकासाकीची नोंद समजून घेण्यासारखी आहे. झेनॉन-१३३ चं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) ५.२४ दिवस, म्हणून ५५ दिवसांत त्याचा साधारण दीड हजारावा भाग उरतो. झेनॉन-१३१एम चं सुमारे १२ दिवस, त्याचा पंचविसावा भाग उरतो. म्हणजे दोघांचं गुणोत्तर घड्याळासारखं चालतं, आणि ताकासाकीचं गुणोत्तर फेब्रुवारीच्या स्फोटाशी जुळलं. हवेचा प्रवास उलटा मोजला तर मार्ग पुंगये-रीकडे जात होता. बोगद्यात कामगारांनी काहीतरी उघडलं तेव्हा अडकलेला वायू सुटला असावा, हे सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण. पण हेच घड्याळ बॉम्बचं इंधन ओळखायला अपुरं पडतं. युरेनियम की प्लुटोनियम ते सांगू शकणारं गुणोत्तर पहिल्या काही तासा-दिवसांतच बघावं लागतं, आणि झेनॉन-१३५ तर नऊ तासांत निम्मा होतो. पाच दिवसांनी हाती काही उरत नाही.

दुसरी अडचण दवाखान्यांसाठी चाललेल्या कामाची. हाडांच्या आणि हृदयाच्या स्कॅनसाठी लागणारं टेक्निशियम ज्या मॉलिब्डेनमपासून मिळतं, ते युरेनियम फोडून तयार करणारे कारखाने रोज झेनॉन सोडतात. मे २०१० मध्ये पूर्व आशियात सापडलेल्या किरणोत्सर्गी खुणांवरून उत्तर कोरियाने गुपचूप लहान चाचणी केल्याचा दावा झाला होता. भूकंपशास्त्रज्ञांनी त्या भागातल्या नोंदी चाळल्या आणि त्या दाव्याला साजेसा स्फोट सापडला नाही. झेनॉनच्या एका बातमीवर उडी मारू नये, त्याला धक्क्याची जोड मागावी, हा त्यातून घ्यायचा धडा.

कण गोळा करणाऱ्या केंद्रांचं वेळापत्रकही संथ आहे: एक दिवस हवा गाळायची, एक दिवस नैसर्गिक किरणोत्सर्ग विझू द्यायचा, एक दिवस मोजायचं. तीन दिवसांआधी उत्तर नाही. ही सगळी मोजमापं सदस्य देशांपुरतीच. कारखान्यांचा झेनॉन कुठून किती येतो याची आकडेवारी खुली झाली तर अशा दाव्यांची शहानिशा बाहेरचे शास्त्रज्ञही काही दिवसांत करू शकतील. आमची मागणी एवढीच आहे.

उपग्रह

कोपर्निकस ब्राउझर, युरोपची फुकट सेवा. ४१.२८, १२९.०९ शोधा, सेंटिनेल-२ निवडा, ढगांची मर्यादा २० टक्के ठेवा. ऑगस्ट २०१७ चा शेवट आणि सप्टेंबरचा मध्य शेजारी लावा. बँड (कॅमेऱ्याच्या प्रकाशपट्ट्या) ८-४-३ च्या मिश्रणात झाडी लाल आणि उघडी माती करडी दिसते, त्यामुळे मांतापच्या उतारांवरच्या दरडी साध्या रंगापेक्षा चटकन सापडतात. एक ठिपका दहा मीटरचा असतो, म्हणून ट्रक किंवा बोगद्याचं तोंड शोधत बसू नका. नोव्हेंबर ते एप्रिल बर्फ आणि लांब सावल्या, तेव्हाची चित्रं जवळपास निरुपयोगी.

जमीन किती सरकली ते मोजायला रडारवर स्वतः हात आजमावणार असाल तर सावध करतो. सेंटिनेल-१ ची लहर ५.६ सेंटिमीटरची आहे. झाडीच्या तीव्र उतारावर तिच्या दोन वेळच्या नोंदी जुळत नाहीत, आणि जमीन मीटरभर हलली तर फेजवरून (लहर किती पुढेमागे झाली त्यावरून) मोजणीच होत नाही. प्रत्येक फाइल काही गिगाबाइटची, आणि दोन दिवस घालवून हाती नुसती खरखर येते. २०१७ साठी शास्त्रज्ञांनी जर्मनीच्या टेरासार-एक्सच्या चित्रांतले ठिपके किती सरकले ते मोजलं: डोंगर आडवा साडेतीन मीटरपर्यंत सरकला आणि अर्धा मीटर खचला.

बोगद्यांकडे लक्ष ठेवायचं तर वॉशिंग्टनच्या स्टिमसन सेंटरची ‘३८ नॉर्थ’ ही वेबसाइट वाचा. व्यापारी उपग्रहांची अर्ध्या मीटरच्या आसपासची चित्रं, तारखेसकट आणि खुणा करून. पूर्वेचं तोंड १, उत्तरेचं २, दक्षिणेचं ३, पश्चिमेचं ४. २००९ पासूनचे स्फोट उत्तरेकडून झाले. २४ मे २०१८ ला २, ३ आणि ४ ची तोंडं परदेशी पत्रकारांसमोर उडवली, पण तज्ज्ञांना बोलावलं नव्हतं. आत किती पडलं ते कोणी मोजलं नाही. २०२२ च्या वसंतात ३ क्रमांकाकडे पुन्हा खणकाम दिसलं. तेव्हापासून ‘चाचणी कधीही’ असं दरवर्षी छापून येतं. चित्रावरून तयारी वाचता येते, इरादा वाचता येत नाही.

निर्बंधांचे अहवाल

स्फोटानंतर जगाने काय केलं हे बघायला सुरक्षा परिषदेचे ठराव मूळातून वाचा, ते फुकट आहेत. १७१८ (२००६), १८७४ (२००९), २०९४ (२०१३), २२७० आणि २३२१ (२०१६), २३७५ आणि २३९७ (२०१७). घाई असेल तर फक्त शेवटचे दोन. २३७५ ने शुद्ध तेलपदार्थांची वार्षिक मर्यादा २० लाख पिंप केली. ती २३९७ ने ५ लाखांवर आणली आणि परदेशातल्या कोरियन कामगारांना दोन वर्षांत परत पाठवायला सांगितलं.

अंमलबजावणी कळायची ती संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या अहवालांतून, आणि ही सेवा बंद पडली आहे. २८ मार्च २०२४ ला मुदतवाढीच्या ठरावावर रशियाने नकाराधिकार वापरला आणि ३० एप्रिलला मंडळाची मुदत संपली. या सगळ्या व्यवस्थेतलं हे सगळ्यात मोठं नुकसान आहे, असं आम्ही ठामपणे म्हणतो. ११ देशांनी त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांबाहेर नवा गट काढला आणि मे २०२५ मध्ये पहिला अहवाल दिला, रशियाशी चाललेल्या लष्करी देवाणघेवाणीवर. मजकूर उपयोगी आहे, पण त्यामागे संयुक्त राष्ट्रांचा शिक्का नाही आणि चीन-रशिया त्यात नाहीत.

जुने अहवाल सुरक्षा परिषदेच्या १७१८ समितीच्या पानावर आहेत. मुख्य मजकुरापेक्षा परिशिष्टं बघा: भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात तेल भरतानाचे फोटो, जहाजांचे आयएमओ क्रमांक (आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), नाव बदललेल्या जहाजांचा माग. मुंबई किंवा न्हावा-शेवाला जहाजांच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्यांनी ती उतरवून ठेवावीत. जहाजाचं नाव रंगवून बदलता येतं, आयएमओ क्रमांक सहसा तोच राहतो, म्हणून शोध क्रमांकाने घ्या. एप्रिल २०२४ नंतर उत्तर कोरियाच्या ताफ्यात आलेली जहाजं मात्र त्या यादीत सापडणार नाहीत.